पिस्ता शर्ट, चॉकलेटी पॅन्ट

कपड्यांतलं बापूरावांना जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या लक्ष्मी रोडला कळत नाही! हे मत अर्थात बापूरावांचं स्वतःचं होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी स्वारगेट ते धायरी बसवर कंडक्टरकी केली आणि अठ्ठावीस वर्षं खाकी घातली. सुट्टीच्या दिवशी बायको पलंगावर जे काढून ठेवेल ते घातलं. स्वतःसाठी एक रुमालसुद्धा त्यांनी कधी निवडला नव्हता. पण कपड्यांतलं कळत होतं!

बायको, सरोजिनी, जाऊन दोन वर्षं झाली होती. पलंगावर कपडे काढून ठेवणारं कुणी उरलं नाही, तेव्हापासून बापूरावांचा संसार दोन लेंग्यांवर आणि दोन बनियनांवर चालला होता. बोलणंही तेवढंच. सकाळी "चहा झाला का", रात्री "कडी लावली का". बास.

अशात मुलाला, समर्थला, नोकरी लागली. बाणेरच्या कंपनीत, इंजिनिअर म्हणून. सोमवारी सकाळी साडेनऊला हजर व्हायचं होतं. पत्रात दोन गोष्टी ठळक केल्या होत्या: वेळ पाळावी, आणि पहिल्या दिवशी फॉर्मल कपड्यांत यावे.

"ॲपवरून दोन शर्ट मागवतो पप्पा," समर्थ म्हणाला. "शुक्रवारपर्यंत येतील."

बापूराव खुर्चीतून असे उठले, जणू झोपेत त्यांचा स्टॉप मागे गेला!

"मोबाइलातनं शर्ट? हात न लावता? अरे, वांगंसुद्धा आपण दाबून घेतो!"

"पप्पा, आवडला नाही तर परत घेतात."

"परत घ्यायला ते काय माहेर हाय? ते काही नाय. तुझ्या पयल्या दिवसाचे कपडे माझ्याकडं लागले! अरे, नव्या नोकरीवर निघालेला पोरगा मी तिकीट फाडायच्या आधी ओळखायचो. अठ्ठावीस वर्षं हेच बघितलंय."

आणि दोन वर्षं बंद पडलेली गाडी एकदम सुरू झाली. बापूरावांनी पोराला समोर बसवून शिकवणीच घेतली. केस आदल्या दिवशी कापायचे नाहीत, आठवडाभर आधी कापायचे, नाहीतर माणूस सोललेल्या कणसासारखा दिसतो. नवे बूट थेट ऑफिसला घालायचे नाहीत, चार दिवस घरात घालून फिरायचं. पट्टा आणि बूट एका रंगाचे. शर्टाच्या खिशात पेन एकच, दोन पेनं म्हणजे पोस्टमन. पॅन्ट बुटावर टेकली पाहिजे, त्यावर झोपली नाही पाहिजे. आणि शर्ट खांद्यावर बसला पाहिजे. खांदा चुकला की पुढची इस्त्री वाया!

समर्थ ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरं. तुम्ही ठरवाल तसं."

पोरगं इतक्या लवकर राजी झालं, याचं बापूरावांना जरा नवल वाटलं.

आता कापड. कापडाला बाहेर जायची गरजच नव्हती. सरोजिनीच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहेराचे पीस रचून ठेवले होते. एकतीस! त्यांच्याकडच्या लग्नात पाहुण्यांना शर्टपॅन्टचे पीस द्यायची रीत. ते कुणी शिवत नाही. पुढच्या लग्नात पुढच्या पाहुण्याला देतात. एक पीस तर धायरीहून लोणी काळभोरला गेला, तिथून वाघोलीला, आणि सहा वर्षांनी पुन्हा धायरीला आला. बापूरावांच्या बसपेक्षा त्याचा रूट मोठा होता!

ज्याने दिला त्यालाच चुकून परत जाऊ नये म्हणून सरोजिनी प्रत्येक पिसावर चिठ्ठी लावायची. कुणाचं लग्न, कुणाकडून आला, सगळं. बापूरावांनी एकेक चिठ्ठी बाजूला करत पीस पाहिले आणि एकाच चिठ्ठीखालच्या दोन सारख्या पिसांवर त्यांचा हात थांबला. दोन्हींत शर्ट पिस्ता रंगाचा, पॅन्ट चॉकलेटी. कापड असं, की हातातून निसटत होतं.

चिठ्ठीवर सरोजिनीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'उत्तरेश्वरशेठ, धाकट्याचं लग्न. दोन पीस. शिवायचे नाहीत. पुढे द्यायचेही नाहीत.' उत्तरेश्वरशेठ म्हणजे धायरीतलेच, मोठे जमिनीवाले.

शेजारच्याच घरात राहणारी बापूरावांची थोरली बहीण सरुबाई तेव्हा दारात तांदूळ निवडत बसली होती. तिला त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली.

"आरं बापू, तिनं लिवलंय ते उगाच लिवलं नसंल," सरुबाई म्हणाली.

"आक्का, तुला कळत नाय. पुढं द्यायचे नाहीत, म्हणजे एवढे भारी की घरातच राहिले पायजेत! आणि शिवायचे नाहीत म्हणजे, मोठा प्रसंग येईपर्यंत शिवायचे नाहीत. आता यापेक्षा मोठा प्रसंग कुठला?"

"तुझ्यापुढं ती बिचारी चौतीस वरसं कशी टिकली!" सरुबाई म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली.

श्याम टेलरचं दुकान धायरी फाट्यावर. त्याने पीस हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"बापूराव, हे कापड मी आधी शिवलंय."

"चांगलं कापड लोक शिवणारच."

"एक-दोन नाही. दीडशे शर्ट शिवलेत."

"मग! दीडशे माणसं काय येडी हायेत?"

"माणसांचं नाही म्हणत. अहो, ते कशासाठी शिवले होते ते तरी..."

"श्याम, तू माप घे. भाषण पंधरा ऑगस्टला कर!"

श्याम टेलर पुण्याचा होता. अपमान झाल्यावर माहिती पुरवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्याने टेप काढली. "दोन पीस आहेत. दुसऱ्याचं काय करायचं?"

बापूरावांनी क्षणभर विचार केला. पोराला पहिल्या दिवशी स्कूटरवरून सोडायला तेच जाणार होते. ऑफिसच्या दारात बाप लेंग्यात दिसला तर पोराची काय किंमत राहील?

"दुसरा मला!" ते म्हणाले.

सोमवारी सकाळी बाप-लेक तयार होऊन अंगणात आले. खांदे अचूक. कॉलर ताठ. इस्त्री अशी, की घडीवर माशी बसली असती तर कापली गेली असती! दोघं शेजारी उभे राहिले तेव्हा एकाच डब्यातल्या दोन पिस्ता कुल्फ्यांसारखे दिसत होते, चॉकलेटात बुडवलेल्या.

"कसं दिसतंय आक्का?"

"बँडवाल्यांत जागा निघालीय काय?" सरुबाईने विचारलं. पण मीठ-मोहऱ्या घेऊन तिने भाच्याची दृष्ट काढली. भावाचीही काढली.

नऊला पाच कमी असताना स्कूटर बाणेरला पोचली. समोर तेरा मजली काचेची इमारत. बापूराव रस्त्याच्या अलीकडेच थांबले. बाप दारापर्यंत सोडायला आला तर बरं दिसत नाही, एवढं त्यांना समजत होतं.

"जा. खांदे ताठ ठेव," ते म्हणाले.

समर्थ गेटवर पोचतो न पोचतो तोच आतून एक गृहस्थ धावत आले, वॉकीटॉकी हातात, शिटी गळ्यात. त्यांनी समर्थच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला आत नेऊ लागले. बापूरावांची छाती फुगली. वा! पहिल्याच दिवशी स्वागताला माणूस! मग त्या गृहस्थांनी समर्थच्या हातांत दोन मोठे खोके दिले. अरे वा, भेटवस्तूसुद्धा! मोठी कंपनी म्हणजे मोठी कंपनी! सगळे पुढच्या दाराने जात होते, समर्थला मात्र मागच्या दाराने नेलं. वशिला न लावता!

बापूराव स्कूटरला किक मारणार, एवढ्यात त्या मागच्या दारातून एक माणूस बाहेर आला. पिस्ता शर्ट, चॉकलेटी पॅन्ट. हातात फरशी पुसायचं फडकं.

त्याच्या मागून दुसरा. पिस्ता शर्ट, चॉकलेटी पॅन्ट. हातात बादली.

मग तिसरा. तो चहाची किटली घेऊन होता.

बापूरावांचा पाय किकवरच राहिला. उत्तरेश्वरशेठ! जमीन बिल्डरला दिल्यावर शेठनी एजन्सी काढली होती. पुण्यातल्या इमारतींना झाडूवाले, लिफ्टवाले, चहावाले पुरवायची. लग्नात आहेर वाटून जे कापडाचे तागे उरले, त्यांचे शेठनी एजन्सीसाठी गणवेश शिवून घेतले होते. दीडशे! आणि हे सरोजिनीला माहीत होतं. म्हणून तर चिठ्ठी!

"तुझं ऐकायला पायजे होतं गं," बापूराव मोठ्याने म्हणाले. हे वाक्य ती असताना त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

पण हळहळायला वेळ नव्हता. पोराला साडेनऊला हजर व्हायचं होतं आणि पोरगं कुठेतरी खोके वाहत होतं! ते कुणाला 'मी तो नाही' म्हणून सांगणार नाही, हेही बापूरावांना ठाऊक होतं. मोठ्या माणसाला उलटून बोलायचं नाही, ही आईची शिकवण. स्कूटर स्टँडला लावून बापूराव धावले.

गेटवर त्यांना कुणी अडवलं नाही. अडवणार कसे? अंगावर पिस्ता होता! उलट वॉकीटॉकीवाले गृहस्थच सामोरे आले. खिशावरच्या पट्टीवर नाव होतं, दत्तप्रसाद, सुपरवायझर.

"आलात का काका! एजन्सीला कधीपासून सांगतोय, माणूस पाठवा. लिफ्टपाशी जा आधी."

"अहो, माझा मुलगा, आत्ता तुम्ही..."

"मुलाचं काम बघू नंतर. आधी लिफ्ट बघा!"

"अहो, तो इंजिनिअर हाय!"

"हल्ली सगळेच असतात काका," दत्तप्रसाद म्हणाले. "नवव्या मजल्यावर पाणी पोचवायला पाठवलाय त्याला." आणि शिटी वाजवत एका गाडीमागे पळाले.

नववा मजला! बापूराव लिफ्टपाशी पोचले आणि थबकले. सहापैकी दोन लिफ्ट बंद होत्या. उरलेल्या चार लिफ्टसमोर दीड-दोनशे माणसं उभी होती. गळ्यात कार्ड, पाठीला सॅक, कानांत इयरफोनची बोंडं. लिफ्ट आली की दहाजण एकदम घुसायचे, दारातच अडकायचे, दार मिटेना, घंटा वाजत राही. जिन्याने जावं तर अठ्ठावीस वर्षं उभं राहून झिजलेले गुडघे नऊ मजले चढणारे नव्हते. घड्याळात नऊ वाजून आठ मिनिटं.

पोरापर्यंत पोचायचं तर पुढची दोनशे माणसं हलली पाहिजेत. आणि माणसं हलवणं ही एकच गोष्ट बापूरावांना खरोखर येत होती!

त्यांनी छातीत श्वास भरला.

"पुढं सरकाऽऽ! मधे जागा हाय! दाराशी उभं राहू नका!"

दोनशे माणसं एकदम पुढे सरकली! कानांतली बोंडं गळून पडली. त्या आवाजाला नाही म्हणायचं पुण्यात कुणाला शिकवलेलंच नसतं.

"एक नंबरला दुसरा, तिसरा, चौथा! दोन नंबरला पाच ते सात! तीन नंबरची गाडी जलद, थेट आठ-नऊ-दहा! चार नंबर अकराच्या पुढं! ओ जाकीटवाले, सॅक पुढं घ्या, मागचा माणूस जिवंत हाय!"

"काका, मी तिसऱ्या मजल्याची," एक मुलगी म्हणाली.

"मग ताई, तुम्ही शेवटी शिरा. आधी उतरणार ते दाराशी, उशिरा उतरणार ते आत. ह्याला डोकं लागत नाय, सवय लागते!"

"मला फोन आलाय, मी नंतर..."

"फोन वर नेऊन बोला. चलाऽऽ!" आणि लिफ्टच्या पत्र्यावर त्यांनी दोनदा थाप मारली. डबल बेल! दार मिटलं आणि लिफ्ट सुटली.

पंधरा मिनिटांत लॉबी रिकामी! शेवटच्या जलद गाडीत बापूराव स्वतः चढले. आत फक्त एकजण होता. तिशीतला, दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला टी-शर्ट, पायात चपला. सारखा घड्याळ बघत होता.

बापूरावांचा जीव वर अडकला होता, पण हे दृश्य बघून त्यांना राहवलं नाही.

"कितवा मजला?"

"नववा."

"नोकरीला हाय का?"

"आहे ना."

"या अवतारात? राग मानू नका, वडिलांच्या वयाचा हाय म्हणून सांगतो. शर्ट महाग नको, पण इस्त्रीचा असावा. चपला मंडईत जायला ठीक. आपण सकाळी नीट कपडे घालतो ते साहेबासाठी नाय. घरातनं निघताना कुणीतरी आपल्याकडं बघितलेलं असतं, त्याच्यासाठी."

त्या माणसाने टी-शर्टवरून एकदा हात फिरवला, एवढंच.

नववा मजला आला. बापूराव धावत सुटले. एक काचेची खोली, लांबलचक टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या नीट ओळीत मांडलेल्या, आणि शेवटची बाटली हातात घेऊन उभा समर्थ! दाराजवळ बाकीची नवी पोरं नुकतीच येऊन घाम पुसत होती.

"थांबा!" बापूराव ओरडले. "हा पाणीवाला नाय! हा तुमचा नवा इंजिनिअर हाय! ह्याची काय चूक नाय, कपडे मी शिवले! ह्याच्या आईनं स्पष्ट लिहून ठेवलं होतं, हे कापड शिवायचं नाय. मी ऐकलं नाय. काय बोलायचं ते मला बोला, पण पोराची गैरहजेरी मांडू नका!"

मागून कुणीतरी खाकरलं. लिफ्टमधला चपलावाला!

"मी केदार," तो म्हणाला. "आज या सगळ्यांना हजर करून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. समर्थ, तुम्ही किती वाजता पोचलात?"

"नऊ वाजून दोन मिनिटांनी, सर. मागच्या लिफ्टनं आलो." समर्थने बाटली टेबलावर ठेवली. "मला वाटलं, हा प्रशिक्षणाचाच भाग असेल."

केदारसर सदाशिव पेठेतले होते. हसण्याचा खर्च त्यांनी केला नाही.

"चौदाजण येणार होते. अर्धा तास आधी आलेला एक. बाकीच्यांचं पाणीसुद्धा त्यानेच आणलं. फॉर्मल कपडे बाराजण विसरलेत." ते थांबले. "मीसुद्धा. त्याबद्दल मला नऊ मजले सुनावलं गेलंय, आणि त्यात एक शब्द चुकीचा नव्हता. समर्थ, हजेरीत पहिली सही तुमची!"

समर्थने सही केली. बापूरावांनी ती काचेबाहेरून पाहिली. पोराचे खांदे ताठ होते. शर्ट खांद्यावर असा बसला होता, की श्याम टेलरला घरी जाऊन नमस्कार करावा!

संध्याकाळी समर्थ घरी आला तेव्हा बापूराव अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"काय म्हणाले?"

"चांगलं झालं. उद्यापासून काम सुरू." समर्थ जरा अडखळला. "पप्पा, एक सांगू? उद्यापासून टी-शर्ट चालतो म्हणाले."

"चालतो?"

"सगळे तेच घालतात."

बापूराव मटकन बसले. एवढं माप, एवढी इस्त्री, एवढी धावपळ! एका दिवसासाठी!

"मग पयलंच सांगायचं नाय का? हे कापड आवडलं नव्हतं ना तुला?"

"अजिबात नव्हतं."

"मग घातलंस कशाला?"

"दोन वर्षांनी तुम्ही लेंगा सोडून कशाचा तरी विचार करत होता," समर्थ म्हणाला. "मी जांभळासुद्धा घातला असता."

दारातून सरुबाई म्हणाली, "कपाटात जांभळा हाय बरं का!"

मंगळवारी सकाळी सातलाच फोन वाजला. खुद्द उत्तरेश्वरशेठ!

"बापूराव, बाणेरवाले माझ्या डोक्यावर बसलेत! कालचे लिफ्टवाले काका पायजेत म्हणत्यात. मी म्हटलं, माझ्याकडं असा माणूसच नाय. मग म्हणाले, आवाज तेराव्या मजल्यापर्यंत येत होता. तवा कळलं मला! येता का? सकाळचे दोन तास फक्त."

"विचार करून सांगतो," बापूराव म्हणाले. तोपर्यंत त्यांनी बुटाला पॉलिश लावायला घेतलं होतं.

आठ वाजता समर्थ खोलीतून बाहेर आला. अंगात चुरगळलेला टी-शर्ट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स. समोर बापूराव उभे. पिस्ता शर्ट, चॉकलेटी पॅन्ट, दाढी गुळगुळीत, खिशात पेन एकच.

"पप्पा, कुठं निघालात?"

"ऑफिसला," बापूराव म्हणाले. "आणि तू आत जा, नीट शर्ट घालून ये. लिफ्टच्या दाराशी मी असणार हाय. असल्या अवतारात मी कुणाला वर सोडत नाय!"

समर्थ गुपचूप आत गेला.

केदारसर मात्र तेव्हापासून नऊ मजले जिन्याने चढतात!